काकूंना लंगोट धुवायला सांगू नकोस

प्रश्न: मावशी, मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मुलगी नऊ महिन्यांची आहे. दर्यापुरात पतसंस्थेत नोकरी करते. सासू-सासरे शेतात जातात, म्हणून पोरीला सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा गावातल्याच एका काकूंच्या पाळणाघरात ठेवते. तिथे सहा लेकरं असतात. डायपरनं तिला उन्हाळ्यात फार पुरळ आलं, आणि महिन्याला हजार-बाराशे रुपये त्यातच जातात. म्हणून कापडी लंगोट पाठवायला लागले, तर आठवडाभरातच काकूंनी पिशवी परत दिली. म्हणाल्या, ‘लेकरं सांभायतो मी, लंगोट नाही धूत.’ सासूबाई म्हणतात, पैसे घेते तर धुवायला काय होते? डायपरनं पोरीचे पाय फेंगडे होतील असंही त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, कटकट नको, डायपरच लाव. त्यात आमच्याकडचं पाणी खारं. लंगोट वाळले की पापडासारखे कडक होतात. काय करू?

उत्तर: मावशी म्हणालीस, म्हणून ‘तू’च म्हणते. तुझ्या पत्रातल्या सगळ्या माणसांत मला काकूंचं बोलणं पटलं. सहा लेकरांच्या शी-सूचे लंगोट एका बाईनं धुवायचे, तेही खारपाणपट्ट्यात, जिथे गोड्या पाण्याचा नळ रोज येत नाही? त्यांनी नाही म्हटलं ते योग्यच केलं. सासूबाईंनी चार लेकरं फडक्यांवर वाढवली असतील, पण ती स्वतःची होती आणि एका वेळी एकच लंगोटात होतं. शिवाय दुसऱ्याच्या लेकराची घाण धुणं हे आपल्या गावांत कुणाच्या वाट्याला घातलं जायचं हे तुला मी सांगायला नको. काकूंच्या त्या एका वाक्यात तेही आहे. तेव्हा धुण्याचा विषय त्यांच्यापुढे पुन्हा काढू नकोस, जास्तीचे पैसे देते म्हणूनही नको. धुणं तुमच्या घरचं. ‘तुमच्या’ म्हणते आहे, कारण ‘कटकट नको’ म्हणणाऱ्या माणसालाही दोन हात आहेत.

आता प्रश्न उरतो काकूंच्या हाताखालून लंगोट जाताना त्यांना त्रास कुठे होतो एवढाच. तो बारकाईनं बघ. एक लेकरू मांडीवर, दुसरं पायाशी रडतंय, तिसरं दाराकडे रांगत निघालंय. अशा वेळी तिकोनी घडी घालायची, गाठ मारायची, वर सेफ्टी पिन लावायची, हे होत नाही. आणि सुटलेला लंगोट म्हणजे गोधडी ओली, चटई ओली, पुन्हा सगळं पुसणं. डायपर त्यांना बरा वाटतो तो या कारणानं. लंगोट तितकाच सोपा करून दिलास तर निम्मं भांडण तिथेच मिटेल.

त्यासाठी बाहेरून बटणांची कापडी चड्डी घे, जिला कव्हर म्हणतात. तिच्या कापडाला आतून पातळ थर असतो, तो पाणी बाहेर येऊ देत नाही. अमरावतीला लहान मुलांच्या दुकानात मिळेल, नाहीतर मोबाईलवरून मागव. एक साधारण अडीचशे ते चारशे रुपयांना पडतं. चार-पाच पुरेत, कारण नुसती सू झाली तर कव्हर बदलावं लागत नाही, आतली घडी तेवढी बदलायची. बाजारात ती जुन्या धाटणीची प्लास्टिकची चड्डीही मिळते. ती घेऊ नकोस, आत हवा जात नाही आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पोरगी उकडून निघेल.

आतल्या घड्या घरी शिव. सुती लुगडं, धोतर, जुनं मांजरपाट, काहीही चालेल, पण सुती हवं. आता घराघरांत लग्नात आलेल्या साड्यांचे गठ्ठे असतात आणि त्यातली एकही पाणी शोषत नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखात सुती कापड शोधावं लागतं, काय बोलणार! ओळखायचं कसं, तर कापडावर पाण्याचा थेंब टाक. सुती असेल तर लगेच पसरून आत जातो. तरी शंका वाटली तर काठाचा एक धागा ओढून काडीनं पेटव. सुताची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. घडी आठ पदरांची एकच जाड शिवू नकोस, ती आतून लवकर वाळत नाही. चार-चार पदरांच्या दोन वेगळ्या शिव, लावताना एकावर एक ठेवायच्या. मुलगी आहे, म्हणून जास्तीचा पदर मध्ये आणि थोडा मागे येऊ दे. मुलाला तो पुढे लागतो. नवं कापड वापरलंस तर आधी चार-पाच वेळा धुऊन घे. नव्या सुतात नैसर्गिक तेलकटपणा असतो, तो गेल्याशिवाय कापड पाणी धरत नाही.

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे करदोडा. पूर्वी लंगोटी त्यातच खोचत, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. कव्हरच्या खाली करदोडा आला की घडीचं टोक त्याला अडकून बाहेर डोकावतं, आणि त्या बाहेरच्या टोकातून सगळी सू झबल्यात उतरते. मग लोक म्हणतात, कापडी लंगोट गळतो. करदोडा कव्हरच्या वर, पोटावर ठेव, घडीच्या कडा बोटानं सगळीकडून आत सार, आणि मांडीच्या इलॅस्टिकखाली आपली दोन बोटं सहज जातात ना बघ. काकूंना हे एकदा पोरगी मांडीवर घेऊन दाखव. तोंडी सांगून जमणार नाही.

पिशवीचं म्हणशील तर रोज दोन दे. एक कोरडी, तीत दोन कव्हरं आधीच घडी बसवून, आणि चार घड्यांच्या जोड्या एकावर एक ठेवून तयार, असे सहा नग. काकूंनी घडी घालायची वेळच येऊ देऊ नकोस. दुसरी जलरोधक, चेनची, वापरलेल्यांसाठी. काकूंचं काम इतकंच: काढायचं, गुंडाळायचं, पिशवीत टाकायचं, चेन ओढायची. भिजवायचं नाही. त्यांच्याकडे लंगोट भिजत घालायची बादली ठेवली असेल तर ती आधी उचलायला सांग, कारण रांगतं लेकरू दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि तिथे रांगणारं तुझंच एक नाही. शी वेगळी काढता यावी म्हणून घडीवर मलमलीचा एक पातळ तुकडा पसरून पाठव. पुसायला सुती फडक्यांच्या चिंध्या आणि एक बाटली गोडं पाणी दे. मुलीला नेहमी पुढून मागे पुसायचं, मागची घाण पुढे आली तर लघवीच्या जागी जंतू जातात. काकूंना हात धुवायला साबणाची वडी तूच नेऊन दे. आणि महिन्याला दीडशे-दोनशे रुपये वर दे. डायपर एकदा लावला की तीन-चार तास बघावं लागत नाही, कापड मात्र दर दोन-अडीच तासांनी बदलायचं असतं, शी झाली की लगेच. हे काम वाढतं, ते फुकट मागू नये.

आता पाण्याकडे येते. तुझा खरा शत्रू हाच आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलडाण्याच्या या पट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं आणि जड असतं. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून त्याचा चिकट साका होतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण लावतो, साका आणखी वाढतो, तो कापडात बसतो. वर वाळताना पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. म्हणून लंगोट कडक. असा लंगोट दोन प्रकारे छळतो: कापडाची शोषण्याची ताकद जाते, आणि त्यातला साबण-क्षार ओल्या कातडीला लागून ती लाल होते. कुणी सांगेल, बघ, कापडानंही पुरळ येतं. त्यात दोष पाण्याचा असतो.

यावर करायचं असं. अंगाच्या किंवा कपड्यांच्या वडीऐवजी धुण्याची पावडर वापर, जड पाण्यात तिचा असा साका होत नाही. धुणं खाऱ्या पाण्यात केलंस तरी चालेल, पण बादलीभर पाण्यात आधी सपाट चमचाभर धुण्याचा सोडा विरघळव, थोडा वेळ ठेव, चुना तळाशी बसला की वरचं पाणी घे. खायचा सोडा नव्हे, किराणा दुकानात धुण्याचा वेगळा मागायचा, आणि तो हाताला झोंबतो हे लक्षात ठेव. सोड्यानं पाण्याचा जडपणा कमी होतो, खारटपणा जात नाही. त्यासाठी शेवटचं पाणी मात्र गोडं हवं. नळाचं एक बादली पाणी लंगोटांच्या नावानं बाजूला काढून ठेव. त्यात खळबळून पिळलेले लंगोट कडक होत नाहीत. आणि ते पाणी फेकू नकोस, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या विसळणीला तेच घे. पावसाळ्यात पन्हाळीखाली टाकी लावता आली तर याहून चांगलं पाणी नाही.

सगळा साबण निघाला का हे बघायची सोपी खूण सांगते. वाळलेला धुतलेला लंगोट स्वच्छ गोड्या पाण्यात टाकून हातानं चोळ. पाण्यावर फेस आला तर साबण अजून आत आहे. तुझे आताचे लंगोट असेच असतील. ते दोन-तीन वेळा नुसत्या गोड्या पाण्यात, साबण न लावता, फेस थांबेपर्यंत धुऊन काढ. नवे शिवायच्या आधी हे कर, कदाचित निम्मे तसेच कामाला येतील.

रोजचा क्रम असा ठेव. संध्याकाळी पिशवी घरी आली की त्याच रात्री उघडायची, सकाळवर टाकायची नाही, नाहीतर लघवीचा अमोनिया इतका चढतो की डोळ्यांत पाणी येतं. शी शौचालयात झटकायची, नालीत नाही. तान्ह्या लेकराची शी म्हणजे काय घाण, असं आपल्याकडे मानतात, पण हगवणीचे जंतू तिच्यातूनही तितकेच पसरतात. मग पहिली विसळणी गार पाण्यात. कढत पाण्यात शीचे डाग पक्के बसतात. त्यानंतर पावडर लावून गरम पाण्यात धुवायचं. ज्या दिवशी शी पातळ असेल त्या दिवशी घड्या चुलीवर उकळून काढ, पण कव्हर उकळू नको, त्याचा आतला थर सुटतो. घड्या कडक उन्हात, कव्हर सावलीत. ऊन जंतू मारतं, डागही फिके करतं, आणि ते आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. फक्त वाळल्यावर घडी दोन्ही हातांत धरून चोळ आणि झटक, मऊ होते. डेटॉल रोज घालायची गरज नाही, ते कापडात राहून कातडीला लागतं. सुगंधी कम्फर्टसारखं काही तर अजिबात नको, त्यानं कापडावर मेणचट लेप बसतो आणि सू वरून ओघळते. तेलाचंही तसंच. सासूबाई मालीश करत असतील तर खुशाल करू देत, पण अंघोळीनंतर मांड्या नीट पुसूनच लंगोट लाव.

पुरळाबद्दल. उन्हाळ्यातलं तिचं पुरळ बहुधा ओल आणि उकाड्याचं होतं. कापड वेळेवर बदललं आणि रोज थोडा वेळ तिला काही न घालता चटईवर लोळू दिलं तर ते कमी व्हावं. लालसरपणा दिसला की झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरानं लाव, आणि ते घडीला लागू नये म्हणून वर मलमलीचा तुकडा घाल. पावडर टाळ, ती लेकराच्या श्वासात जाते. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि त्याच्याभोवती सुटे लाल ठिपके दिसले तर ती बुरशी असते, तिला वेगळं औषध लागतं. पाणी भरलेले फोड, पू किंवा ताप असेल, किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखव. मेडिकलमधून विचारून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब मात्र लावू नकोस. तशा ट्यूबांत अनेकदा जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवस लाली जाते, घरचे खूश होतात, आणि लेकराची कातडी पातळ होत जाते. लंगोटाखाली बंद कातडीत ते औषध अधिकच मुरतं. गावोगाव हे चाललंय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, याचा मला राग आहे.

सासूबाईंचं पायांचं म्हणणं खरं नाही, डायपरनं किंवा जाड लंगोटानं पाय फेंगडे होत नाहीत. पण त्यांना हे सांगून वाद जिंकण्यापेक्षा त्यांच्याकडची विद्या घे. झोपून उठल्यावर, दूध पाजल्यानंतर लेकराला दोन पायांवर धरून ‘सू-सू’ करवायची त्यांच्या पिढीची सवय फार कामाची आहे. सकाळी शेतात जायच्या आधी त्यांनी एकदा धरलं आणि शी घरीच झाली, तर काकूंकडचा सगळ्यात नकोसा लंगोट वाचला. काकूंनाही हे येत असेलच, पण सहा लेकरांत त्यांना रोज जमेल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

डायपर घरातून हद्दपार करायलाही मी सांगणार नाही. रात्री, लग्नाला जाताना, एसटीच्या प्रवासात, नळ आलाच नाही त्या दिवसांत लाव. जुलाब झाले तर पोरगी घरी ठेव. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, तुझ्या पोरीच्या वयाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब आधी थांबले तरी. ते दिवस डायपरवर काढलेस तर कुणी तुला नावं ठेवणार नाही. फक्त वापरलेला डायपर जाळू नकोस आणि शौचालयातही टाकू नकोस. आतली भुकटी पाणी पिऊन फुगते, तुमच्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा पाईप तुंबेल. तो कागदात गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेव. गावात घंटागाडी येत असेल तर तिच्याकडेच दे. उकिरड्यावर टाकलेला डायपर कुत्री अख्ख्या गल्लीत पसरवतात हे तू पाहिलंच असशील.

पैशाचं गणित नवऱ्याला तूच मांडून दाखव. डायपर साधारण आठ ते बारा रुपयांना एक, त्याचा महिना तू स्वतःच लिहिला आहेस. कव्हरं, पिशव्या, काकूंचे वरचे पैसे धरूनही काही महिन्यांत खर्च वसूल होतो. पण नुसतं गणित दाखवून थांबू नकोस. रात्रीची ती पहिली विसळणी त्याच्याकडे दे. दिवसभर पतसंस्थेत बसून, येताना लेकरू घेऊन, स्वयंपाक करून तू एकटीनं लंगोट धुवायला बसणार असशील, तर महिनाभरात तूच डायपरचं पाकीट आणशील, आणि मी तुला दोष देणार नाही.

पाऊस आता ओसरलाय, तेव्हा सुरुवात आत्ताच कर. ओल्या दिवसांत वीस-चोवीस घड्यांच्या जोड्या लागतात, ऑक्टोबरच्या उन्हात बारा-पंधरा भागतात. पहिला आठवडा फक्त दुपारपर्यंत कापड, नंतर डायपर, असं काकूंशी ठरव. त्यांना जमलं तर पुढे वाढवा. आणि बोलायला जाशील तेव्हा सासूबाईंना सोबत नेऊ नकोस.